कोच पार्कला शेजारच्या कौन्सिलची ‘हरकत नाही’, मग आपलं काय?

गेल्या काही महिन्यांत इंग्लंडमधल्या मराठी वाचकांकडून एकाच गोंधळाची पत्रं पुन्हा पुन्हा येत आहेत. कुठल्या तरी पर्यटनस्थळाला कर्मचाऱ्यांच्या गाड्या आणि पाहुण्यांचे कोच, म्हणजे सहलीच्या मोठ्या बस, उभे करायला जागा हवी आहे. जागा एका कौन्सिलच्या हद्दीत, वाचकाचं घर दुसऱ्या. मग ‘आपल्या’ कौन्सिलने काय कळवलं यावरून गट पडतात, अफवा उठतात. म्हणून या वेळी तेवढाच विषय. इथलं सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड आणि वेल्समधल्या वाचकांनी हे नियम जसेच्या तसे उचलू नयेत.

प्रश्न : आमच्या कौन्सिलने शेजारच्या कौन्सिलला ‘हरकत नाही’ असं कळवलं. म्हणजे परवानगी मिळाली ना?

नाही.

प्रश्न : पण ‘ना हरकत’ मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि हरकत घेतली की काम थांबतं, असंच असतं ना? आमच्याकडे सोसायटीत तसंच होतं.

ही ‘एनओसी’ डोक्यातून काढून टाका. इथे शेजारच्या कौन्सिलचा दाखला लागत नाही. तिचं मत विचारलं जातं. आपल्या हद्दीतल्या बांधकामाचा परिणाम शेजारच्या हद्दीत जाणवण्याची शक्यता असेल, तर निर्णय देणाऱ्या कौन्सिलने शेजारणीला विचारायचं, असा नियम आहे. भाजीत मीठ बरोबर आहे का, असं विचारलं म्हणून स्वयंपाक शेजारणीचा होत नाही. ती खारट म्हणाली, तरी पान कधी वाढायचं ते घरातलीच ठरवणार.

वॉटफर्डजवळचा लीव्हजडेनचा हॅरी पॉटरवाला स्टुडिओ घ्या. भारतातून आलेला पाहुणा वॉटफर्ड जंक्शनला उतरतो, तिथून बसने जातो आणि ‘वॉटफर्डला जाऊन आलो’ म्हणून फोटो टाकतो. पण स्टुडिओचा मोठा भाग वॉटफर्डच्या शेजारच्या थ्री रिव्हर्स डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या हद्दीत आहे. आणि या दोन्ही कौन्सिलांच्या स्थानिक रस्त्यांचा कारभार तिसरीकडे, हर्टफर्डशायर काउंटी कौन्सिलकडे. अशा ठिकाणी शेजारच्या डिस्ट्रिक्टने ‘हरकत नाही’ म्हटलं, तर त्याचा अर्थ ‘आम्ही वाहतूक तपासली आणि सगळं ठीक आहे’ असा धरू नका. बहुतेक वेळा अर्थ एवढाच, की आमच्या अखत्यारीतलं काही अडत नाही, रस्त्याचं काउंटी बघेल. हे पत्र अनेकदा कौन्सिलच्या प्लॅनिंग समितीपुढेही जात नाही, एखादा अधिकारीच पाठवतो. मूळ पत्र उघडून वाचा. ‘अमुक अटींवर हरकत नाही’ असं लिहिलं असेल, तर त्या अटी हीच कामाची गोष्ट.

मोटरवे किंवा ट्रंक रोडवर (देशाच्या मुख्य रस्त्यांवर) परिणाम होत असेल, तर मात्र ते रस्ते सांभाळणाऱ्या नॅशनल हायवेज या सरकारी कंपनीचं मत जड असतं. ते डावलायचं तर कौन्सिलला आधी वाहतूकमंत्र्यांना विचारावं लागतं. शेजारच्या कौन्सिलला तेवढा मान नाही.

प्रश्न : मी आमच्या कौन्सिलच्या साइटवर त्या कार पार्कचं प्रकरण शोधलं, नंबर मिळाला, तिथेच दोन पानी हरकत पाठवली. आता निश्चिंत राहू ना?

अजिबात नाही. हा प्रश्न आला, की मी चहाचा कप खाली ठेवतो.

शेजारच्या कौन्सिलकडून मत मागवणारं पत्र आलं, की पुष्कळ कौन्सिलं त्याची आपल्या नोंदवहीत स्वतंत्र नोंद करतात. तिला स्वतःचा नंबर मिळतो, पत्ता दिसतो, नकाशाही दिसतो. दिसायला अगदी अर्जासारखं. माणूस ते पाहतो, ‘सापडलं!’ म्हणतो आणि रात्री जागून हरकत लिहून तिथे पाठवतो. पण तो अर्ज नव्हेच. ती फक्त ‘आम्हाला विचारलंय’ अशी नोंद. तुमची दोन पानं तिथून निर्णय देणाऱ्या कौन्सिलकडे आपोआप जात नाहीत. एखादा सहृदय अधिकारी पुढे पाठवील, एखादा नुसती फाइल करील. समितीच्या अहवालात ‘रहिवाशांच्या हरकती : शून्य’ असं छापून आल्यावर मला फोन आलेले आहेत. तोवर फार उशीर झालेला असतो.

तेव्हा आज, हे वाचून झाल्याबरोबर, पुढचं करा. जमीन कोणत्या कौन्सिलच्या हद्दीत आहे ते पाहा. त्या कौन्सिलच्या साइटवर मूळ अर्जाचा नंबर शोधा. तुमच्या कौन्सिलच्या नोंदीतही तो ‘त्यांचा संदर्भ’ म्हणून बहुधा दिलेला असतो. तुमचं म्हणणं तिथे नाव-पत्त्यासह नोंदवा. निनावी पत्र सहसा धरत नाहीत. लिहिलेलं सगळ्यांना वाचता येतं, म्हणून फोन नंबर आणि घरातली आजारपणं मजकुरात घालू नका. पोच आली नाही, तर केस ऑफिसरला, म्हणजे तो अर्ज हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करा. तुम्ही त्या हद्दीत राहत नाही म्हणून तुमचं मत चालणार नाही, असं कोणी सांगितलं, तर ते खोटं आहे. मत कोणीही देऊ शकतं.

मुदत साधारण २१ दिवसांची असते. नेमकी तारीख खांबावर लावलेल्या नोटिशीवर आणि साइटवर असते. मुदतीनंतर आलेलं पत्र निर्णय होईपर्यंत वाचतात, पण तुमच्यासाठी कोणी थांबत नाही. ‘दिवाळी झाल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलंय की ५०० सह्या झाल्या की अर्ज फेटाळावाच लागतो.

असा नियम नाही. सह्या मोजून निकाल लागत नाही, मुद्दे तोलून लागतो. काही कौन्सिलांत ठरावीक संख्येने हरकती आल्या, की प्रकरण समितीपुढे जातं, इतकंच. ती संख्या त्या कौन्सिलला विचारा.

प्रश्न : आमच्या घराची किंमत पडेल, हा मुद्दा लिहू का?

नको. विचारात घेत नाहीत. खिडकीतून दिसणारं शेत नाहीसं होईल, हाही नाही.

प्रश्न : मग लिहायचं तरी काय? जागा हिरव्या पट्ट्यात आहे. कर्मचाऱ्यांच्या गाड्या पहाटेपासून आणि कोच दिवसभर.

रस्त्यावर गर्दी होईल एवढंच लिहू नका. राष्ट्रीय धोरणाची कसोटी कडक आहे : रस्ते-सुरक्षेवर अस्वीकारार्ह परिणाम किंवा एकूण वाहतुकीवर ‘गंभीर’ परिणाम असेल, तरच त्या कारणाने नाकारता येतं. नुसत्या गैरसोयीवर नाही.

त्यापेक्षा कर्मचाऱ्यांच्या पाळ्या कधी सुटतात ते अर्जातल्या वाहतूक-अहवालात शोधा. अहवाल सकाळ-संध्याकाळच्या गर्दीची वेळ मोजतो. पाळी रात्री साडेदहाला सुटत असेल, तर तुमची झोप त्या तक्त्यात कुठेच नसते. उंच खांबांवरचे दिवे किती वाजता बंद होणार, कोच मागे घेताना वाजणारा भोंगा किती अंतरावर ऐकू येतो, पावसाचं तेलकट पाणी कुठल्या ओढ्यात जाणार, हे विचारा. हिरव्या पट्ट्यात, म्हणजे शहराभोवती मुद्दाम मोकळ्या राखलेल्या ग्रीन बेल्टमध्ये, नुसतं सपाटीकरण चालूनही जाईल; पण त्यावर रोज उभ्या राहणाऱ्या उंच कोचमुळे मोकळेपणा राहतो का, हा खरा वाद आहे. सूट नसलेल्या अर्जांना २०२४ पासून जैवविविधतेत १० टक्के वाढ दाखवावी लागते. ती कुठे आणि कशी, तेही बघा.

आणि एक अप्रिय गोष्ट. कोचचालकाला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती कायद्याने घ्यावी लागते. त्याला जागा दिली नाही, तर तो हवेत विरघळत नाही, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो. इंजिन चालू ठेवून उभं राहिलं म्हणून २० पौंडांचा दंड करता येतो, पण करायला येतं कोण? तेव्हा सरसकट ‘नको’ म्हणण्याआधी, परवानगी मिळालीच तर कोणत्या अटी हव्यात तेही लिहा : कोचचा मार्ग, फाटक बंद करण्याची वेळ, दिव्यांची वेळ, कर्मचाऱ्यांसाठी स्टेशनपासून बस. मी अटींवर जिंकलेले लोक पाहिलेत. नुसत्या ‘नको’वर जिंकलेले फार थोडे. मुद्दे ग्रीन बेल्टपर्यंत गेले, तर मात्र चार्टर्ड प्लॅनरला कागद दाखवाच.

प्रश्न : एक कंपनी ‘खात्रीशीर नकार’ मिळवून देते म्हणते. आगाऊ पैसे, पत्र तयार.

खात्री देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. निकालाची हमी कोणीही देऊ शकत नाही. अशांकडून येणारी पत्रं मी पाहिली आहेत : दुसऱ्याच गावाचं नाव तसंच राहिलेलं आणि एकच मजकूर चाळीस घरांच्या सहीने. केस ऑफिसर ती एका परिच्छेदात गुंडाळतो. पैसे परवडत नसतील, तर मोफत सल्ला देणाऱ्या प्लॅनिंग एड इंग्लंडकडे विचारा. परवडत असतील, तर नावापुढे एमआरटीपीआय (प्लॅनरांच्या रॉयल टाउन प्लॅनिंग इन्स्टिट्यूटचा सदस्य) असलेल्या सल्लागाराकडे जा आणि त्याने जागा पाहिली आहे का, हे पहिल्यांदा विचारा.

प्रश्न : मी तिथेच नोकरी करते. पार्किंग मिळालं तर मला हवंच आहे. पाठिंबा लिहिता येईल का?

हो. तिथे नोकरी करता, हेही लिहा.

प्रश्न : परवानगी मिळण्याआधीच शेतात कोच उभे राहू लागलेत.

वर्षाला २८ दिवसांपर्यंत जमिनीचा तात्पुरता वापर काही अपवाद सोडून परवानगीशिवाय चालतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी ओरडू नका, डायरी ठेवा : तारीख, वेळ, गाड्यांची संख्या, फोटो. मग त्या हद्दीतल्या कौन्सिलच्या एन्फोर्समेंट विभागाला, म्हणजे परवानगीशिवायच्या कामांवर कारवाई करणाऱ्यांना, कळवा. आधी वापर सुरू करून मागाहून अर्ज करणं हा गुन्हा नाही, हे ऐकून लोकांना राग येतो, मलाही येतो.

प्रश्न : परवानगी मिळाली. आता आम्ही अपील कुठे करायचं?

अपील अर्जदाराला आहे, शेजाऱ्याला नाही. निर्णयप्रक्रियेत कायद्याची चूक असेल, तर उच्च न्यायालयात ज्युडिशिअल रिव्ह्यू, म्हणजे निर्णय कायद्याला धरून झाला का याची तपासणी. त्याची मुदत सहा आठवडे आहे. निर्णय आवडला नाही, हे कारण पुरत नाही. खर्च मोठा, पर्यावरणाशी संबंधित दाव्यांत हरल्यास दुसऱ्या पक्षाला द्यायच्या खर्चावर व्यक्तीसाठी साधारणपणे ५,००० पौंडांची मर्यादा असते, पण तुमच्या वकिलाची फी वेगळी. तुमच्या पत्रावरची तारीख पाहिली : निर्णयाला पाच आठवडे होऊन गेलेत. मला पुन्हा लिहू नका, उद्या सकाळी सॉलिसिटरला फोन करा.