दाराला शटर नसलेलं दुकान

ताई, मी कराडला राहते, वय ३८. सात वर्षं घरीच ब्लाउज शिवते. पुढच्या खोलीत मशीन आहे. महिन्याला ४०-४५ अस्तराचे ब्लाउज होतात, वर फॉल-पिको. सकाळी अकराला बसते ती पाचपर्यंत, आणि रात्री जेवणं आवरून दहा ते दीड. तरी तारीख पाळली जात नाही. शेजारणी येतात, बसतात. सासूबाई म्हणतात, आल्यागेल्याशी बोलत नाहीस. मिस्टर म्हणतात, घरीच तर असतेस. मुलगी दहावीला आहे, कानात कापूस घालून अभ्यास करते. मशीन थांबलं की दाराशी येऊन विचारते, 'झालं?' गेल्या महिन्यात एका नवरीच्या ब्लाउजला मी कार्यालयात जाऊन हुक लावले. ती मेंदीचे हात वर धरून उभी होती. तिच्याकडे शिलाई मागायची अजून लाज वाटते, आणि आता तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात आहे. पहाटे चारला उठायला लागू का? की मोबाइलवर वेळेचं एखादं ॲप घेऊ?
— एक वाचक

प्रिय ताई,

पहाटे चारला उठू नका. दीडला आडवं होऊन चारला उठलेल्या बाईने दुसऱ्याच्या पैठणीला कात्री लावू नये. बाहीचा काठ उलटा कापला गेला तर त्या एका ब्लाउजपायी महिन्याची कमाई जाईल. ॲपचंही राहू द्या. तुमच्या हातात टाचण्या असतात, त्यात आणखी मोबाइल कशाला?

तुमचं पत्र वाचताना मी कागदावर हिशेब मांडला. अस्तराच्या ब्लाउजला कटिंग, शिलाई, हातशिलाई, हुक-काज आणि माप धरून अडीच तास धरू. तुमचा हात सरावाचा आहे, कदाचित कमीच लागत असतील. ४५ ब्लाउजचे झाले साधारण ११२ तास. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाला सव्वाचार, फार तर साडेचार तास. आणि तुम्ही मशीनपाशी किती असता? तुम्हीच लिहिलंय, सहा अधिक साडेतीन, म्हणजे साडेनऊ तास. फॉल-पिकोला त्यातला अर्धा-पाऊण तास देऊन टाका. उरलेले चारेक तास कुठे गेले?

ते दारात गेले. मशीनवर तुमचा वेळ वाया जात नाहीये. 'जरा एवढी बाही सैल करून दे ना' यात तो जातो. चहात जातो. व्हॉट्सॲपवर आलेले पाठीच्या गळ्याचे अकरा फोटो बघण्यात जातो. दर वेळी उठून परत बसलं की मघाची बाही डावी होती की उजवी, हे पुन्हा बघावं लागतं. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मी स्वतः बारा वर्षं घरी शिकवण्या घेतल्या. अपूर्णांक शिकवता शिकवता कुकरच्या शिट्ट्या मोजायचे. एकदा फळ्यावर उत्तर चार लिहून टाकलं. गणिताचं उत्तर वेगळंच होतं, शिट्ट्या चार झाल्या होत्या.

लिज्जत पापड तुम्हाला माहीत असेलच. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ते सुरू केलं. त्यांच्या यशाबद्दल सगळे बोलतात, मला मात्र त्यांच्या कामाची रीत महत्त्वाची वाटते. पीठ शाखेत मळलं जातं, सकाळी बायका ते वजन करून घरी नेतात, लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी पापड शाखेत आणून देतात. काम घरातलंच, पण देण्याघेण्याची जागा आणि वेळ ठरलेली. दुपारी दोनला कुणी दार वाजवून 'माझे चार पापड आधी लाटून दे' म्हणत नाही. तुमच्याकडे नेमकं तेच होतंय.

तर दारावर पाटी लावा: 'माप, ट्रायल, देणे-घेणे संध्याकाळी ५ ते ६.३०.' नोकरी करणाऱ्या बायका तशाही त्याच वेळी येतात. पहिले पंधरा दिवस बायका नाकं मुरडतील, एखादी कायमची तुटेलही. तुटू द्या. बहुधा ती उधारीवालीच निघेल.

अकरा ते चार दार लोटलेलं. पण मग सासूबाईंचं काय? मला तर वाटतं त्यांना हे दारच द्या. पाटीची वेळ सोडून कुणी आलंच, तर पिशवी त्या घेतील, नाव त्या विचारतील, गप्पाही त्याच मारतील. त्यांना माणसं हवी आहेत आणि तुम्हाला नकोत, इतकं सोपं जमणारं गणित सासू-सुनेत सहसा मिळत नाही. फॉल-पिकोचे पैसे त्यांच्याच डब्यात पडू द्या. सून आल्यागेल्याशी बोलत नाही ही तक्रार किती दिवस टिकते ते मला कळवा.

आता खरा मुद्दा. तारीख चुकते ती रात्री एक वाजता नाही. गिऱ्हाईक पिशवी ठेवून 'शुक्रवारी देशील ना?' विचारतं आणि तुम्ही वही न उघडता 'हो' म्हणता, तिथेच ती चुकते. एक साधी वही करा. एका पानावर एक दिवस, एका दिवसात दोनच ब्लाउज. सोमवार ते शुक्रवार, म्हणजे महिन्याला तुमचे ४४ बसले. शनिवार कोरा ठेवा. अल्टर, कुणाची अडीनडी, मुलीला ताप, वीज गेली, या सगळ्याला तो शनिवार. दोन नावं लिहून झाली की ते पान भरलं. तिसरीला पुढचं पान दाखवायचं, तेही तिच्यासमोर उघडून. तोंडी नकार दिला की बायका घासाघीस करतात, भरलेलं पान दिसलं की गप्प बसतात. घाईचं हवं असेल तर शनिवार आणि दीडपट शिलाई, निम्मे पैसे आधी.

लग्नाच्या ब्लाउजची मात्र द्यायची तारीख लिहू नका. आधी लग्नाची तारीख विचारून लाल पेनने तीच लिहा, मग आठ दिवस मागे मोजून ते पान अडवा. ट्रायल त्याच्याही आधी. नवरी लग्नाच्या धावपळीत बारीक होते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

शिवण्यातलं मी तुम्हाला काय शिकवणार? पण माझी मावशी शिवायची, तिचं एक सांगते. रविवारी रात्री ती आठवड्याची सगळी अस्तरं एकदम भिजवायची, सकाळी वाळली की इस्त्री करून ठेवायची. कटिंग फक्त दिवसाउजेडी. आणि शिवायला घेताना आलेल्या क्रमाने नाही, दोऱ्याच्या रंगाने. लाल, राणी, मरून एका दिवशी, हिरवे-मोरपंखी दुसऱ्या. बॉबिन कितीदा बदलते ते एक दिवस मोजून बघा. फॉल-पिकोच्या साड्या तिच्या खाटेखाली साठायच्या आणि बुधवारीच बाहेर निघायच्या. हुक-काजं आणि हातशिलाई ती शेजारच्या एका मुलीला नगावर द्यायची. तुम्हीही द्या. ते काम तुमच्याइतकं सुबक होणार नाही, पण ते ब्लाउजच्या आतल्या बाजूला असतं.

मिस्टरांचं 'घरीच तर असतेस' यावर भांडू नका, आकडा सांगा. २०२४ साली सरकारने लोकांच्या वेळेची पाहणी केली. त्यात आपल्याच घरचं काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जाताना दिसले, पुरुषांचे ८८. म्हणजे तुमच्या दोन ब्लाउजइतका वेळ रोज फुकट जातो, आणि तो कुणाच्याच वहीत नाही. हे रागात नको, जेवताना सांगा, पहिली पोळी वाढून झाल्यावर. आणि मोघम 'मदत करा' म्हणू नका, त्याला कुणी नाही म्हणत नाही आणि कुणी करतही नाही. कामाचं नाव घ्या: गॅस नोंदवणं, मुलीचा अभ्यास, रात्रीची भांडी. लग्नसराईत पोळ्या बाहेरून आणा. त्या लाटणारीही तुमच्यासारखीच कुणीतरी घरी बसून धंदा करतेय.

पितृपक्षात नवं कापड कुणी टाकत नाही, तेव्हा मशीन उघडून तेलपाणी करा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप वहीत उतरवून ठेवा. नवरात्रात तुमचे कितीतरी फोन वाचतील.

रात्री दहानंतर मशीनवर झाकण. हे मात्र वही-बिही काही न जमलं तरी आजपासून. दहावीची मुलगी कानात कापूस घालते, ते वाचून मी पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं.

राहिली ती नवरी. लाजून शिलाई सोडलीत तर तिलाही तुमच्या दाराशी यायला अवघड होईल. फोन करा, उशीर झाला हे आडपडदा न ठेवता सांगा. तिचे बाकीचे ब्लाउज सैल-घट्ट करायचे असतील तर ते फुकट करून द्या, आणि मग शिलाई मागा. जाताना वही बरोबर न्या. धाकट्या बहिणीची तारीख तिथेच लाल पेनने लिहून घ्या.