पाटे बदलायची मजुरी

प्रश्न : माझी जुनी जीप आहे, चारही चाकांना पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. तोरणमाळच्या वाटेवर मागची बाजू फार आपटते. नवे उंच पाटे आणि शॉकअप आणून ठेवलेत. मिस्त्री दीड दिवस आणि सहा हजार मजुरी सांगतात. जास्त नाही का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : भाऊ, दोन माणसांचा दीड दिवस धरला तर मला ही मजुरी रास्त वाटते. नवे पाटे चढवायला वेळ लागत नाही. वेळ खातात जुने बोल्ट. शॅकल म्हणजे पाट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारी हलती कडी; तिची पिन बुशमध्ये, म्हणजे भोवतीच्या नळीत, गंजून धरली की ती कापावी लागते, आणि एका पिनेत तासभर जातो. म्हणून आदल्या रात्रीच सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पाटे अॅक्सलला आवळून धरणारे जुने यू-बोल्ट परत वापरू देऊ नका. एकदा ताणले गेलेले असतात, त्यांच्यावर भरवसा नको.

एक गोष्ट उभं राहून बघाच. पाट्याच्या डोळ्याचे (टोकाच्या गोल भोकाचे) आणि शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावरच आवळायचे. नाहीतर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत बसतात आणि लवकर फाटतात. घाईत नेमकं हेच राहतं.

गाडी उंच होणार, तेव्हा ब्रेकचे पाइप ताणले जात नाहीत ना, तेही तपासा. अलाइनमेंट आणि पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळणं मजुरीत धरलंय का, हे आधीच विचारा.