उसन्या शेअरचं दुखणं : शॉर्ट सेलिंगवर तुमचे प्रश्न

प्रश्न : सपोर्ट (चार्टवर भाव पडताना जिथे थांबायचा ती पातळी) तुटला म्हणून शॉर्ट टाकायला गेलो तर ऑर्डरच रिजेक्ट, म्हणे शेअर्स उपलब्ध नाहीत. मित्राची दुसऱ्या ब्रोकरकडे मात्र झाली. माझ्यावरच खुन्नस आहे का?

खुन्नस वगैरे काही नाही हो. शॉर्ट करताना भाव पडेल आणि नंतर स्वस्तात परत घेऊ या अंदाजाने आपण जवळ नसलेला शेअर विकतो, म्हणजे तो कुणाकडून तरी उसना आणावाच लागतो. ब्रोकर आधी स्वतःच्या मार्जिन क्लायंट्सच्या (उधारीवर शेअर घेणाऱ्यांच्या) खात्यात बघतो, तिथे नसेल तर बाहेर मोठे फंड किंवा दुसऱ्या ब्रोकरकडे विचारतो, आणि प्रत्येकाचा साठा वेगळा असतो म्हणून मित्राचं जमलं. त्यात ज्या शेअरवर सगळ्यांचाच डोळा तो सगळ्यात आधी संपणार. मी तर आता आधी उपलब्धता बघतो आणि मग चार्ट उघडतो, उगाच तासभर रेषा मारून हात हलवत परत यायचं नको.

प्रश्न : ५०० शेअर्स शॉर्ट होते, स्टॉप (भाव तिथे पोचला की आपोआप बाहेर पडायची ऑर्डर) २१२ ला. ब्रोकरने मला २१५.४० ला बाहेर काढलं! ही सरळ लूट नाही का?

तुम्ही पाठवलेला ट्रेड लॉग बघितला. ४० शेअर २१२.४० ला, ११० शेअर २१३ ला आणि उरलेले ३५० थेट २१६.५० ला. सरासरी बरोबर २१५.४० येते. स्टॉप ट्रिगर झाला की त्याची मार्केट ऑर्डर होते, आणि मार्केट ऑर्डर समोर जो कोणी विकायला उभा असेल त्याच्याकडून घेत सुटते. २१३ च्या वर २१६.५० पर्यंत ऑर्डर बुक रिकामं होतं, म्हणजे विकणारा कोणी नव्हता, त्यात ब्रोकर तरी काय करणार. (ब्रोकरची बाजू घ्यायची मला अजिबात हौस नाही, पण इथे खरंच तसंच आहे.)

मग स्टॉप लिमिट (ठरवलेल्या भावाच्या वर न घेणारी ऑर्डर) लावू का, असं पुढे विचारलंय. लावा, पण मग भावाची खात्री मिळते आणि बाहेर पडायची जाते. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये फोक्सवॅगनमध्ये काय झालं आठवा : रविवारी पोर्शने जाहीर केलं की शेअर्स आणि ऑप्शन्स धरून ७४.१ टक्के आमच्या हातात आहेत, साधारण २० टक्के लोअर सॅक्सनी राज्याकडे होतेच, म्हणजे शॉर्टवाल्यांना परत घ्यायला बाजारात उरले जेमतेम ६ टक्के. शुक्रवारी २१० युरोच्या आसपास असलेला शेअर मंगळवारी १००० च्या वर जाऊन आला. अशात २२० ची लिमिट लावणारा नुसता बघत बसला असता. मी स्वतः पातळ व्हॉल्यूमच्या शेअरमध्ये शॉर्टच छोटा ठेवतो, ऑर्डरचा प्रकार बदलून तो प्रश्न सुटत नाही.

प्रश्न : शॉर्ट फायद्यात होता, मार्जिन (तारण म्हणून ठेवलेले पैसे) भरपूर, तरी ब्रोकरने न विचारता कव्हर केला, म्हणजे शेअर परत घेऊन बंद केला. चालतं का असं?

चालतं, करारात लिहिलेलं असतं, फक्त आपण खाली स्क्रोल करून टिक मारलेली असते. ज्याचा शेअर होता त्याने तो परत मागितला किंवा विकला, ब्रोकरला दुसरीकडून उसना मिळाला नाही, की तुमच्या नावावर बाय-इन, म्हणजे सक्तीची परत खरेदी. माझाही एकदा असाच उडवला होता, तोही नेमका कंपनीच्या निकालाच्या आदल्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी शेअर पडला. आठवलं की अजून दात ओठ खातो.

प्रश्न : भाव जागच्या जागी आहे तरी खात्यातून रोज पैसे जातायत?

उसनवारीचं भाडं. वर्षाला ३६ टक्के दर आणि १ लाखाचा शॉर्ट असेल तर रोजचे साधारण १००, शनिवार-रविवार धरून, आणि दर मधेच वाढू शकतो. तुमच्या स्टेटमेंटमधली ती एक मोठी वजावट भाड्याची नाही, ती डिव्हिडंडची आहे. एक्स-डेटला (ज्या दिवसापासून नव्याने शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही) शॉर्ट उघडा होता, म्हणून मूळ मालकाचा डिव्हिडंड तुमच्या खिशातून गेला.