शेजवान चटणी कडू का होते?

प्रश्न : ताई, घरी शेजवान चटणी केली की कडू लागते अन् रंगबी काळपट येतो. मिरची तर धर्माबादची चांगली आणते. काय चुकतंय? (एक वाचक, परभणी)

उत्तर : मिरची चांगलीच आहे हो, ती करपतेय. कडकडीत तेलात सुकी मिरची लगेच जळते, मग कितीबी साखर घाला कडूपणा जात नाही. देठ-बिया काढून गरम पाण्यात 20 मिनिटं भिजवा अन् बारीक वाटा, रंगासाठी निम्मी मिरची ब्याडगी घ्याच. भरपूर तेलात आधी लसूण-आलं, मग वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता, घाई अजिबात नको, तिखटपणा तेलातच उतरतो. शेवटी सोया सॉस, व्हिनेगर. चीनमध्ये सिचुआनी जेवणात मिरचीसोबत जीभ झिणझिणवणारी सिचुआन मिरी असते, आपलं कोकणातलं तिरफळ तिच्याच कुळातलं, मिळालं तर चिमूटभर पूड घालून बघाच.