नाईन ऑफ स्वोर्ड्स आणि ‘होईल का?’ हा प्रश्न

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मुलाखत होऊन तीन आठवडे झाले, ऑफर लेटर अजून आलेलं नाही. ‘ऑफर येईल का, हो की नाही’ असं विचारून तुम्ही रात्री दीडला टॅरोचं एक पान काढलंत आणि नाईन ऑफ स्वोर्ड्स, म्हणजे नऊ तलवारींचं पान, आलं. दुसऱ्या रात्री पुन्हा काढलंत, पुन्हा तेच. एकीकडे त्याचा अर्थ ठाम ‘नाही’ असा दिलाय, दुसरीकडे ‘कदाचित’. आता नक्की काय धरायचं?

माझं उत्तर आधी सांगते, कारणं मागाहून. या पानाने तुमच्या ऑफरबद्दल काहीच सांगितलेलं नाही, होही नाही आणि नाहीही नाही. ते तुमच्याबद्दल बोलतंय. चौदा वर्षं मी पानं वाचतेय, आणि ‘नाही’ म्हणून या पानाइतकं चुकीचं दुसरं कुठलंच पान वाचलं जात नाही, असं माझं ठाम मत आहे.

पान हातात घ्या आणि अर्थ विसरून नुसतं बघा. काळी पार्श्वभूमी, तिच्यावर एकाखाली एक नऊ आडव्या तलवारी. खाटेवर कुणीतरी दचकून उठून बसलंय, दोन्ही हातांनी तोंड झाकून. आता सांगा, एक तरी तलवार त्या व्यक्तीच्या अंगात शिरलीय का? शेजारी याच सूटमधली, म्हणजे तलवारींच्याच गटातली, तीन आणि दहा ठेवा. तीनमध्ये तलवारी हृदयातून आरपार गेल्यात. दहामध्ये माणूस पालथा पडलाय आणि पाठीत दहाच्या दहा रुतल्यात. नऊमध्ये ना जखम आहे ना रक्त. फक्त झोप उडालीय.

हे चित्र पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने १९०९ मध्ये काढलं. त्यांच्या आधीच्या बहुतेक डेकमध्ये (पानांच्या संचांत) आकड्यांच्या पानांवर प्रसंग नसायचाच, नऊ म्हणजे नऊ तलवारींची नक्षी, एवढंच. म्हणजे ही खाट, हा अंधार, तोंडावरचे हात, सगळं मुद्दाम घातलेलं आहे. पांघरूण बघा, चौकटी-चौकटींतून गुलाब आणि राशी-ग्रहांची चिन्हं आहेत. खाटेच्या फळीवर कोरीव काम आहे, त्यात एक माणूस दुसऱ्याला पाडतोय. अख्ख्या पानात मारामारी काय ती तेवढीच, आणि तीही लाकडात कोरलेली. मी ती कधीतरी होऊन गेलेली गोष्ट म्हणून वाचते. म्हणून समोरच्याला विचारते, ‘याआधी असं कधी झालं होतं?’ बहुतेक वेळा काहीतरी निघतंच. तुमचंही बघा. मागे एखादी नोकरी हातातोंडाशी येऊन गेली होती का?

मन चिंती ते वैरी न चिंती. या पानाचा याहून नेमका अर्थ मला कुठल्याही पुस्तकात मिळालेला नाही.

(तुमचा डेक थॉथ नावाचा, वेगळ्या चित्रांचा असेल तर थोडं वेगळं. तिथे पानाचं नावच ‘क्रुएल्टी’ आहे, तलवारी गंजलेल्या, खाली टोकं केलेल्या, त्यांवरून रक्त ठिबकतंय. तिथे मी स्वतःशीच चाललेलं क्रौर्य वाचते. पण तुम्ही खाट म्हणालात, म्हणजे स्मिथ यांच्याच चित्राचा डेक असणार.)

मग हे ठाम ‘नाही’ आलं कुठून? प्रत्येकाची पद्धत निराळी, तिथून. कुणी पान सुलटं आलं की हो, उलटं आलं की नाही धरतात. त्या हिशोबाने तुमचं सुलटं पान ‘हो’ झालं. कुणी अठ्ठ्याहत्तर पानांची पक्की यादी करून ठेवतात, तिथे हे पान हटकून ‘नाही’मध्ये असतं. कुणी सूटवर जातात, कप्स (प्याले) आणि वाँड्स (काठ्या) म्हणजे ‘हो’, स्वोर्ड्स म्हणजे ‘नाही’. तिन्ही पद्धती चालतात, पण पानं पिसण्याआधी एक ठरवून घेतली तरच. पान आल्यावर अर्थ शोधायला गेलात की त्या रात्री मनात जे असेल तेच सापडतं.

माझं आजोळ सिंधुदुर्गातलं. तिथे देवळात कौल लावताना मी लहानपणापासून बघितलंय. गुरव देवाच्या मूर्तीला कळे (फुला-पानांचे तुकडे) लावतो, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न सगळ्यांसमोर स्पष्ट मांडतो. उजवा कळा पडला की होकार, डावा पडला की नकार. त्या रीतीत उत्तरं मुळात दोनच आहेत आणि ती आधीच ठरलेली आहेत. टॅरो तसं नाही. इथे अठ्ठ्याहत्तर चित्रं आहेत आणि आपण त्यांना दोन खणांत कोंबायला बघतो. काही पानं बसतात. सूर्य ‘हो’मध्ये बसतो, मला त्यात शंका नाही. नऊ तलवारी दोन्हींतल्या एकाही खणात बसत नाहीत.

म्हणून मी प्रश्नाचं क्रियापद बघते. ‘करू का?’ असा प्रश्न असेल आणि हे पान आलं, तर मी बेलाशक ‘नाही’ म्हणते. राजीनामा देऊ का, त्याला मेसेज करू का, एचआरला आत्ताच खरमरीत मेल टाकू का? नको, या मनःस्थितीत नको. हे ‘नको’ कामाला नसतं, वेळेला असतं. ‘आहे का?’ असा प्रश्न असेल, म्हणजे सासूबाई माझ्यावर रागावल्यात का, तो काही लपवतोय का, तर तुम्ही जे धरून चाललाय त्यातलं बरंचसं तुमच्याच डोक्यात रचलेलं आहे, असं मी सांगते आणि थेट विचारायला लावते. आणि ‘होईल का?’ असेल तर मी उत्तर देतच नाही. तुमचा प्रश्न या तिसऱ्या जातीचा आहे.

यात एक गफलत नेहमी होते. प्रश्नच भीतीतून आला असेल तर हो आणि नाहीची अदलाबदल होते. ‘माझी नोकरी जाईल का?’ असं विचारून एकीने हेच पान काढलं आणि रडत मला फोन केला, ‘ताई, “नाही” आलं.’ मी म्हटलं, अगं, तुझ्या यादीप्रमाणे ‘नाही’ म्हणजे नोकरी जाणार नाही! ती गप्प झाली. तिने प्रश्न काय विचारला होता हेच ती विसरली होती, काळं पान बघून तिने आपलं ‘वाईट’ एवढंच धरलं होतं.

मीही यातून गेलेय. सहा वर्षांपूर्वी बाबांच्या मानेवरच्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता, रिपोर्टला पाच दिवस होते. तिसऱ्या रात्री पावणेतीनला मी स्वयंपाकघरात ओट्यावर पान काढलं, ‘रिपोर्ट चांगला येईल का?’ नऊ तलवारी. मी ‘नाही’ धरलं. पुढचे दोन दिवस मला बाबांच्या डोळ्याला डोळा देववेना. चहाचा कप ठेवून मी लगेच आत वळायची. शेवटी त्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, ‘डॉक्टरांनी तुला काही सांगितलंय का?’ त्यांना वाटलं, मला कळलंय आणि मी लपवतेय. गाठ साधी निघाली. पण ती तशी निघाली नसती, तरी त्या पानाचा अर्थ तोच राहिला असता. पानात गाठ नव्हतीच, पावणेतीनला ओट्याशी उभी असलेली मी होते. त्या दोन दिवसांत बाबांच्या जिवाला जो घोर लागला तो माझ्या त्या ‘नाही’मुळे. तेव्हापासून आजारपण, गरोदरपण, रिपोर्ट यांवर हो-नाहीसाठी मी पान काढत नाही, कुणी कितीही गळ घातली तरी.

गरोदरपणाचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सविस्तर सांगायलाच हवी, कारण बायका ती वाचून फार घाबरतात. ज्यांनी स्मिथ यांच्याकडून हा डेक करून घेतला त्या आर्थर एडवर्ड वेट यांच्या १९११ च्या पुस्तकात या पानाच्या अर्थांची यादी आहे: मृत्यू, अपयश, मिसकॅरेज, विलंब, फसवणूक, निराशा, हताशा. त्यातला मिसकॅरेज हा शब्द ‘गर्भपात’ म्हणून जसाच्या तसा पुढे फिरतोय. पण त्या काळच्या इंग्रजीत हा शब्द बेत फसणं, काम बिनसणं यासाठीही सर्रास वापरत, आणि यादीत तो अपयश आणि विलंब यांच्या मधोमध बसलाय. माझ्या वाचनात तिथे ‘फसलेला बेत’ हाच अर्थ आहे. हे पान आलं म्हणून दिवस राहिलेल्या बाईने रात्र रात्र जागावं, असं त्यात काही नाही.

त्याच पुस्तकात उलट्या पानाचे अर्थ आहेत कैद, संशय, शंका, सकारण भीती, लाज. ‘उलटं आलं म्हणजे चिंता मिटली’ असं आज बरेच जण सांगतात, पण मला ‘सकारण भीती’ हे दोन शब्द जास्त कामाचे वाटतात. पान उलटं आलं की मी विचारते, या भीतीला हातात धरता येईल असा काही आधार आहे का? एखादा कागद, तारीख, कुणाचं बोलणं? असेल तर त्या आधाराशी आपण काहीतरी करू शकतो.

आता दोन रात्री तेच पान आलं, त्याबद्दल. तुम्ही डेक नवा आहे म्हणालात. नवी पानं क्रमाने लावलेली येतात, गुळगुळीत असतात आणि चारदोनदा पिसली तर झुबक्यांनीच सरकतात. काल वर होतं ते आजही वरच राहतं. सगळी पानं चादरीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी चांगली कालवा, मग गोळा करा. त्यानंतरही तेच आलं तर त्याकडे लक्ष द्या, पण प्रश्न तोच ठेवून तिसऱ्यांदा काढू नका.

उद्या असं करा. रात्री नाही, सकाळी, आंघोळ-चहा झाल्यावर. नऊ तलवारी डेकमधून काढून समोर ठेवा. प्रश्न बदला: ‘ऑफरची वाट बघताना मी या आठवड्यात काय करू?’ आणि त्या पानाच्या शेजारी एकच पान काढा. फोर ऑफ स्वोर्ड्स आलं तर थांबा, विश्रांती घ्या, मागे लागू नका. एट ऑफ वाँड्स आलं तर निरोपाची हालचाल आहे असं धरा आणि अकराच्या सुमारास एचआरला दोन ओळींचा साधा मेल टाका, ‘माझ्या अर्जाचं कुठवर आलं ते कळवाल का?’ मून आलं तर त्यांचं त्यांनाच अजून ठरलेलं नाही, तोवर दुसरीकडे अर्ज चालू ठेवा. खरं तर तो मेल तुम्ही कुठलंही पान आलं तरी टाकू शकता. तीन आठवड्यांनी विचारण्यात गैर काही नाही.

दीडला जाग येणं रोजचंच झालं असेल, जेवण जात नसेल, छातीत धडधडत असेल, तर डेक कपाटात ठेवा आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. मी हे पान घेऊन आलेल्या कितीतरी जणांना हा नंबर दिलाय.

शेजारचं पान कुठलं आलं ते इथेच लिहा. प्रश्न कोणत्या शब्दांत विचारलात, तेही अक्षरशः लिहा. त्याशिवाय मला वाचता येणार नाही.