महागडा ब्रश कपाटात, मैत्रीण पुण्यात

नाशिकच्या इंदिरानगरहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. चांगलं चार पानी आहे, थोडक्यात सांगते. दोघी शाळेपासूनच्या, चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेच्या क्लासला ओळख झाली, मग कितीतरी वर्षं रविवारी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जाऊन स्केचिंग. वाढदिवसाला एकमेकींना स्वतःच्या हाताने केलेलंच काहीतरी द्यायचं असं न बोलता ठरलेलं. मैत्रीण आता पुण्यात आयटीत, पगार चांगला. ही घरी ट्यूशन घेते, नवऱ्याची नोकरी गेल्यापासून हात आखडलाय. मैत्रीण दर वाढदिवसाला भारी गिफ्ट पाठवते, यंदा इम्पोर्टेड सेबल हेअरचे ब्रश आले, हिने ऑनलाइन किंमत बघितली आणि पोटात गोळाच आला. हिने पाठवलेल्या रंगवलेल्या बुकमार्कवर मात्र तिकडून 'किती क्यूट' आणि दोन हार्ट, बस्स. म्हणून आता ही तिच्यासाठी ईएमआयवर स्मार्टवॉच घ्यायच्या बेतात आहे आणि मला विचारतेय, "ताई, बरोबरीचं देता येत नसेल तर मैत्री टिकते का हो?"

अगं, आधी ते घड्याळ राहू दे. घरात एकच कमाई, ती पण ट्यूशनची, जी एप्रिल-मेमध्ये निम्मी होते, आणि तू हप्ते भरणार कशासाठी, तर ब्रशची परतफेड म्हणून? लग्नात आहेराची वही ठेवतात ना, कोणी किती घातलं ते लिहायला, म्हणजे त्यांच्याकडच्या कार्याला तेवढंच घालायचं, ते नातेवाइकांत एकवेळ ठीक आहे, तिथे नाइलाज असतो. तुमच्या दोघींत ही वही आणली कोणी? पत्रावरून तरी वाटतं तिने नाही आणली. तू आणलीस, ज्या रात्री मोबाईलवर किंमत शोधत बसलीस त्या रात्री.

आता तुझ्याच पत्रातलं एक वाक्य तुला वाचून दाखवते. तिसऱ्या पानावर, कंसात लिहिलंयस, 'ती स्वतः हल्ली काहीच काढत नाही, दोन वर्षं झाली, वेळ नाही म्हणते.' कंसात का टाकलंस गं हे? मला तर सगळ्या पत्रात हेच मेन वाटलं. आणि गिफ्ट काय काय आली ते तूच लिहिलंयस, आधी प्रवासात नेता येईल अशी रंगांची छोटी पेटी, मग 300 जीएसएमचा कॉटन पेपरचा पॅड, आता ब्रश. पर्स नाही, परफ्यूम नाही, कानातले नाहीत, सगळं चित्राचंच सामान. जिचं स्वतःचं चित्र थांबलंय ती तुझ्यासाठी कागद किती जाड हवा ते बघून मागवते, म्हणजे तिच्या डोक्यातून हा विषय गेलेला नाहीये. मी काही ज्योतिषी नाही, कदाचित लंच ब्रेकमध्ये दोन मिनिटांत ऑर्डर करून मोकळी होत असेल, पण तसं असतं तर गिफ्ट कार्ड आलं असतं.

आणि तू काय केलंस, तर सगळं कपाटात, प्लॅस्टिकसकट, 'चांगल्या चित्रासाठी' जपून. एक सांगू का, सेबल म्हणजे प्राण्याचे खरे केस, नुसते पडून राहिले तर त्यांना कसर लागते, लोकरीच्या स्वेटरला लागते तशीच. दोन पावसाळे गेले की टोकच राहायचं नाही. तो ब्रश पाण्याने भरून घ्यायचा असतो, पोटात भरपूर पाणी धरतो आणि तरी टोक सुईसारखं राहतं, त्याचेच तर पैसे आहेत. तेव्हा आजच काढ बाहेर. आणि घाटावरचा काळा दगड काढताना काळी ट्यूब वापरू नकोस, ती मेलेली दिसते, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळ, निळा जास्त घेतलास की सावलीतला दगड, तांबूस जास्त घेतलास की उन्हातला. आपल्याकडे शिवाजी तुपे सरांनी जलरंगात गोदाघाट इतका काढलाय की नाशिकच्या पोरींना घाट काढायला भीतीच वाटायला हवी, पण तुम्ही दोघी शाळेत असताना बिनधास्त काढत होतात ना, कॅम्लिनच्या वड्यांनी!

तिच्या वाढदिवसाला काय द्यायचं ते सांगते, आणि फ्रेम केलेलं पूर्ण चित्र मुळीच पाठवू नकोस. 'क्यूट' चा तुला राग आलाय, मला कळतं, मलाही आला असता, पण दोन वर्षं ब्रश न धरलेल्या बाईला मैत्रिणीचं छान पूर्ण झालेलं काम बघून काय म्हणायचं असतं? थोडं टोचतं गं ते. क्यूट म्हणून विषय संपवणं सोपं पडतं. म्हणून अर्धवट पाठव. नारोशंकराच्या देवळाची भिंत काढ, नदीकडची, आणि दरवाज्यावरची ती मोठी घंटा काढूच नकोस, जागा कोरी सोड. ती घंटा 1739 च्या वसईच्या विजयाची आठवण सांगते, गंगेला मोठा पूर आला की पाणी घंटेपर्यंत पोचलं का ते अख्खं नाशिक विचारतं, म्हणजे घंटा नसलेलं नारोशंकराचं चित्र बघून कुठल्याही नाशिककराचा हात शिवशिवणारच. मागे लिही, घंटा तू काढ आणि परत पाठव. दुसरं काही लिहू नकोस, तुझी आठवण येते वगैरे तर अजिबात नको.

हे जमलं तर पुढे पोस्टकार्डावर चालू ठेवा. साधं पोस्टकार्ड अजून 50 पैशांना मिळतं, मात्र त्यावर जलरंग नको, पातळ असतं, लगेच वाकडं होतं, पेनाने काढा. एकीने नदीतला दुतोंड्या मारुती अर्धा करायचा, दुसरीने उरलेला. ईएमआय नाही, किंमत शोधायची सोय नाही.

पैशाचं मात्र तोंडाने बोल, ते चित्रातून कळणार नाही. एवढंच म्हण, "यांची नोकरी गेलीये, मला सध्या परत तेवढं देता येत नाही आणि तुझं पार्सल आलं की मला आधी टेन्शन येतं, ब्रश मस्त आहे, पण पुढच्या वर्षी तूच काहीतरी काढून दे." तू तिला नोकरीचं सांगितलेलंच नाहीयेस असं पत्रावरून वाटतंय, मग तिला कळणार कुठून? बालमैत्रिणीपासून लपवायचं आणि माझ्यासारख्या अनोळखी बाईला चार पानं लिहायची, हे मला नाही पटलं.

आणि समजा घंटा न काढताच ती म्हणाली, 'सॉरी यार, आता नाही गं जमत', तर ऐकून घे. चित्र सुटलं म्हणून मैत्रीण सुटत नाही, तेव्हा तिच्या ऑफिसच्या रडगाण्याला कान दे, चित्राचं ओझं टाकू नकोस. रागावून अबोला धरलास तर मात्र मला पुन्हा पत्र लिहू नकोस!

घंटा काढून आलीच, तर तिला नाशिकला बोलव, आणि लवकर बोलव, 2027 च्या कुंभाच्या कामांनी घाटावर बरंच काही हलतंय, तुम्ही बघितलेला कोपरा नंतर तसाच सापडेल याची गॅरंटी नाही. बुधवार नको, बाजार असतो, बसायलाही जागा मिळत नाही, हां, माणसं काढायची असतील तर बुधवारच. शनिवारी रात्री मुक्कामाला येऊ दे आणि रविवारी सातच्या आत घाटावर पोचा, नंतर गर्दी वाढते आणि ऊनही चढतं. मिसळ नंतर. आधी मिसळ खाऊन कोणी चित्र काढलेलं मी तरी अजून बघितलेलं नाही.