अध्वर्यू म्हणजे वाट पाडणारा?

प्रश्न : एका मानपत्रात ‘या चळवळीचे अध्वर्यू’ असे वाचले. ‘अध्वन्’ म्हणजे वाट, म्हणून अध्वर्यू म्हणजे नवी वाट पाडणारा, असे कोणी सांगितले. ते बरोबर आहे का? त्याच्या जागी ‘अग्रणी’ किंवा ‘धुरीण’ चालेल का?

उत्तर : मराठीत हा शब्द वाटेवरून नव्हे, यज्ञातून आला. ‘अध्वर’ म्हणजे यज्ञ. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या निरुक्त या ग्रंथात ‘ध्वर’ म्हणजे हिंसा, ती जिथे नाही तो अध्वर, अशी फोड केली आहे. काही आधुनिक अभ्यासक ‘अध्वर’चे नाते ‘अध्वन्’शी जोडतात, तेव्हा ऐकलेले अगदीच निराधार नाही. पण ते नाते फार मागचे. ‘चळवळीचे अध्वर्यू’ लिहिणाऱ्याच्या मनात यज्ञच असतो.

अध्वर्यू हा यजुर्वेदाचा ऋत्विज, म्हणजे यज्ञ चालवणारा पुरोहित. इतर ऋत्विजांपैकी ‘होता’ ऋचा मोठ्याने म्हणतो, ‘उद्गाता’ साम गातो, ‘ब्रह्मा’ चुकांवर लक्ष ठेवतो. अध्वर्यू मात्र यजुर्मंत्र बहुधा पुटपुटत हाताने काम करतो. वेदीची जागा मोजून आखायची, कपाले (मातीची खापरे) मांडून त्यांवर पुरोडाश (पिठाचा रोट) भाजायचा, जुहूने (लाकडी पळीने) आहुती द्यायची, ही कामे त्याची. यास्क त्याला ‘अध्वरस्य नेता’, म्हणजे यज्ञ पुढे नेणारा, म्हणतो. ‘कार्य स्वतः करून पुढे नेणारा’ हा आजचा अर्थ इथूनच निघतो. म्हणून नुसती भाषणे करणाऱ्याला हा शब्द देऊ नये. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि स्वतः शिकवले. त्यांना स्त्रीशिक्षणाचे अध्वर्यू म्हणणे शोभते.

‘अग्रणी’ म्हणजे पुढे नेणारा. मराठीत मात्र तो ‘सर्वांत पुढे असलेला’ या अर्थाने रुळला आहे, त्यामुळे ‘अग्रणी बँक’ (जिल्ह्यातील बँकांत पुढाकार घेणारी) पहिलीच बँक असावी लागत नाही. ‘धुरीण’ ‘धुर्’वरून, म्हणजे जुवावरून आला. अमरकोशात तो जू वाहणाऱ्या बैलाच्या नावांत आहे. चालू कार्याचा भार पेलणारा तो धुरीण. वाट त्याने पाडलेली असेलच असे नाही. ‘सर्वांत आधी केले’ एवढेच सांगायचे असेल तर सरळ ‘आद्य प्रवर्तक’ लिहावे.

आता लेखन. ‘अर्ध्वयू’ ही चूक छापील पत्रिकांतही सर्रास दिसते. लेखक ‘अर्ध’च्या सवयीने रफार आधीच देऊन टाकतो. खरा क्रम अ, ध्व, र्यू असा आहे, रफार ‘य’वर. शेवटचा उकार मराठीत दीर्घ : अध्वर्यू, अध्वर्यूंनी. समासात हा शब्द आधी आला की तो मुळाप्रमाणे ऱ्हस्व होतो : अध्वर्युपद. स्त्रीसाठी वेगळे रूप नाही. ‘त्या या कार्याच्या अध्वर्यू होत्या’ असेच लिहावे.